ब्लॅक कॉमेडी (चित्रपट)

खून, प्रेत, अंत्यविधी अशा एरवी दबक्या आवाजात बोलायच्या गोष्टींवर उभा राहिलेला विनोदी चित्रपट. मराठीत याला 'काळा विनोद' असेही म्हणतात. 'साहित्यदर्पण' या संस्कृत काव्यशास्त्रग्रंथाचा कर्ता विश्वनाथ याने भयानक आणि करुण हे हास्याचे विरोधी रस मानले; हा प्रकार तिघांनाही एकाच पंगतीला बसवतो. संज्ञा रूढ झाली ती आंद्रे ब्रताँ या फ्रेंच कवीने केलेल्या काळ्या विनोदी लेखनाच्या संकलनामुळे. ते १९४० साली छापले गेले, पण विशी सरकारच्या (दुसऱ्या महायुद्धातले जर्मनीधार्जिणे फ्रेंच सरकार) बंदीमुळे वाचकांच्या हाती पडायला १९४५ उजाडले.

प्रेक्षक मरणाला हसतो, असे सहसा समजले जाते. ते पुरते खरे नाही. हसू येते ते घरात मढे असतानाही रीतभात न सोडणाऱ्या जिवंत माणसांचे. फ्रँक काप्राच्या 'आर्सेनिक अँड ओल्ड लेस'मध्ये (१९४४) ब्रुकलिनच्या दोन प्रेमळ बहिणी एकाकी म्हाताऱ्यांना विषारी वाइन पाजतात, तळघरात पुरतात आणि ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे प्रार्थनाही म्हणतात. त्यांच्या लेखी हा दानधर्मच. खिडकीखालच्या पेटीत प्रेत सापडल्यावर भाच्याची तारांबळ उडते, आत्या मात्र शांत. या म्हाताऱ्यांचे मरण पडद्यावर दिसत नाही, हे महत्त्वाचे. रक्त दिसले असते तर हसू तिथेच थिजले असते.

इंग्लंडच्या ईलिंग स्टुडिओचा 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' (१९४९) दुसरी युक्ती करतो. सरदारकीसाठी नातेवाइकांचा काटा काढणारा तरुण आपली कहाणी अत्यंत सभ्य भाषेत सांगतो, आणि त्या घराण्यातल्या आठ जणांच्या भूमिका एकटा अ‍ॅलेक गिनेस करतो. मेलेला चेहरा पुढच्या प्रसंगात पुन्हा समोर येतो, त्यामुळे शोकाला जागाच उरत नाही.

कुंदन शाह यांच्या 'जाने भी दो यारों'मध्ये (१९८३) मुंबईच्या आयुक्ताचे प्रेत हाच बिल्डरांच्या भ्रष्टाचाराचा पुरावा असतो. त्यासाठीची पळापळ थेट महाभारताच्या नाटकात शिरते आणि प्रेत द्रौपदी होते. शेवटी शिक्षा होते ती दोघा निरपराध छायाचित्रकारांना. आतापर्यंत हसलेला प्रेक्षक तिथे गप्प होतो.

मराठी रसिकांना ही चव आधीच रंगभूमीने दिली होती. सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण'मध्ये (१९७४) मेलेले भाऊराव स्वतःच कीर्तनाला उभे राहतात.