वसंत-रजब

वसंत-रजब : अहमदाबादेतील जातीय दंगल शमवताना १ जुलै १९४६ रोजी मारले गेलेले काँग्रेस सेवादलाचे दोन कार्यकर्ते, वसंतराव हेगिष्टे (१९०६–४६) व रजबअली लाखाणी (१९१९–४६). गुजरातीत ही नावे जोडूनच घेतली जातात. स्मारक आणि स्मृतिदिनही जोडनावानेच ओळखले जातात.

वसंतराव अहमदाबादच्या मराठी कुटुंबातले. तेथील मराठी वस्तीला पेशवे व गायकवाड यांच्या संयुक्त अमलापासूनचा (१७५३–१८१७) इतिहास आहे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांची कर्मभूमीही हेच शहर. रजबअली खोजा या मुस्लिम समाजातले; जन्म कराचीचा, घराणे काठेवाडातील लिंबडीचे. सेवादलात दोघांची मैत्री जमली.

दंगल रथयात्रेच्या दिवशी उसळली. जमालपूर भागात जमावाला परतवण्यासाठी दोघे निःशस्त्र उभे राहिले आणि तेथेच त्यांचा अंत झाला, एवढ्यावर कथने जुळतात. तपशिलात मात्र फरक आढळतो. एका प्रचलित कथनानुसार वसंतराव मुसलमानांना आणि रजबअली हिंदूंना वाचवताना पडले. ही मांडणी मनाला भिडते, पण तिची समतोल रचना मागाहून घडली असावी. दोघांनी मिळून एकाच जमावाला अडवले व वाट सोडण्यास नकार दिला, हे दुसरे कथन अधिक ग्राह्य वाटते. कोण कोणासाठी मेला अशी वाटणी त्यात नाही, आणि सेवादलातील त्यांच्या एकत्र कामाशीही ते सुसंगत आहे. अशा बलिदानाचे आधीचे ठळक उदाहरण म्हणजे कानपूरच्या दंगलीत २५ मार्च १९३१ रोजी मारले गेलेले काँग्रेस नेते व संपादक गणेश शंकर विद्यार्थी.

दोघांवरील स्मृतिग्रंथाचे संपादन गुजराती कवी झवेरचंद मेघाणी यांनी केले. मेघाणींचे निधन मार्च १९४७ मधले. त्यामुळे हे काम त्यांच्या अखेरच्या महिन्यांतले ठरते.

स्मृतिदिन इंग्रजी तारखेने, १ जुलैला पाळतात. रथयात्रा आषाढ शुद्ध द्वितीयेची असल्याने बहुतेक वर्षी दोन्ही दिवस वेगळे पडतात. २०२२ मध्ये ते पुन्हा एकत्र आले. १९६९ व २००२ च्या दंगली पाहिलेल्या या शहरात सलोख्यासाठी झटणाऱ्यांना ही तारीख फार मोलाची वाटते.

गायकवाड हवेलीच्या आवारात २०१५ मध्ये दोघांचे ‘बंधुत्व स्मारक’ उभे राहिले. हवेलीचे बांधकाम सामान्यतः १७३८ च्या सुमाराचे मानतात व त्याचे श्रेय दमाजीराव गायकवाडांना देतात. शहराच्या कारभारात मराठ्यांचा वाटा त्याच सुमारास सुरू झालेला असल्याने हा काळ संभवनीय आहे. पुढे ही वास्तू पोलिसांच्या ताब्यात आली.