डेटाबेस सर्व्हर अडून बसतो तेव्हा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला टॉवेल-चादरींचा एखादा कारखाना घ्या. ऑफिसात नवा कॉम्प्युटर येतो, बिलिंगचं सॉफ्टवेअर टाकलं जातं, त्याच्या जोडीला डेटाबेस सर्व्हरही, म्हणजे सगळी बिलं साठवून हवी तेव्हा देणारा प्रोग्राम, इन्स्टॉल होतो. हिरवी पट्टी शेवटपर्यंत जाते, पण सर्व्हरची सर्व्हिस, म्हणजे त्याचं पडद्याआड चालणारं काम, काही सुरू होत नाही. विंडोज ‘एरर १०६७’ दाखवून मोकळं होतं: प्रोसेस अचानक बंद पडली, एवढाच त्याचा अर्थ. मग हात जातो तो अनइन्स्टॉलकडे. तिथेच थांबायला हवं.

कारण असा सर्व्हर बहुतेक वेळा बिघडलेला नसतो, तो मुद्दाम थांबलेला असतो. आडवा धागा तुटला की यंत्रमाग आपोआप थांबतो, नाहीतर सदोष कापड विणलं जाईल. विणकर माग बदलत नाही, तुटलेला धागा शोधतो. सर्व्हरही सुरू होताना आधी स्वतःची तपासणी करतो. फाइली जागेवर आहेत का? त्या आपल्याला वाचता-लिहिता येतात का? पोर्ट, म्हणजे इतर प्रोग्राम ज्या क्रमांकावर आपल्याशी बोलतात तो, मोकळा आहे का? याच फाइलींवर दुसरा सर्व्हर चालू नाही ना? एका जरी उत्तरात गडबड दिसली तरी तो बंद राहतो. अर्धवट सुरू होऊन वर्षभराच्या बिलांचा घोळ घालण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

थांबण्याचं कारण तो लिहून ठेवतो, पण स्वतःच्या एरर लॉगमध्ये, म्हणजे चुकांच्या नोंदवहीत. विंडोजवर मायएसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरचा लॉग डेटा फोल्डरमध्येच सापडतो: नाव कॉम्प्युटरचं, शेवटी ‘डॉट ईआरआर’. तो नोटपॅडमध्येही उघडतो. वाचताना शेवटची ओळ धरून बसू नका, तिथे बऱ्याचदा नुसतं ‘अबॉर्टिंग’ असतं. ताज्या प्रयत्नातली पहिली ‘एरर’ची ओळ शोधा, पुढच्या तक्रारी सहसा तिच्यातूनच निघालेल्या असतात.

पोर्टचा प्रश्न सोपा. मायएसक्यूएल ३३०६ वर बसतो, पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस सर्व्हर ५४३२ वर. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी कधीकाळी टाकलेल्या झॅम्प या सॉफ्टवेअर-संचातला मारियाडीबी हा डेटाबेस सर्व्हर ३३०६ अडवून बसलेला असेल, तर नव्याला जागाच उरत नाही. ‘नेटस्टॅट’ कमांड चालवली की जागा कुणी धरली आहे ते कळतं.

पुन्हा इन्स्टॉल करून भागत का नाही, हेही लॉगमध्येच दिसतं. अनइन्स्टॉल केल्यावर प्रोग्राम जातो, पण डेटा फोल्डर अनेकदा मागे राहतो. तुमचा डेटा चुकून पुसला जाऊ नये म्हणून ही काळजी. नव्या मायएसक्यूएलला मात्र पहिली मांडणी करायला रिकामा फोल्डर लागतो. आत जुन्या फाइली दिसल्या की तो माघार घेतो. अशा वेळी जुना फोल्डर पुसू नका, त्याचं नाव बदलून बाजूला ठेवा.

लिनक्सवर परवानग्यांचा घोळ होतो. वैतागून फोल्डरला ‘७७७’ देण्याची, म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं करण्याची सवय फार पसरली आहे. पोस्टग्रेसपुढे ती उलटी पडते: डेटा फोल्डर इतरांना खुला दिसला तर तो सुरूच होत नाही. रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला यूझर, म्हणून चालवायला गेलात तरी नकारच देतो.

सर्वांत नवल वाटावं असं कारण थेट डिस्कच्या रचनेत आहे. विंडोज ११ असलेल्या काही नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर इन्स्टॉल होता होता शेवटी ‘रिकव्हरी हँडल फेल्ड’ म्हणून अडतो. डिस्क माहिती सेक्टरच्या, म्हणजे ठराविक आकाराच्या तुकड्यांच्या, हिशेबाने लिहिते. डेटाबेस प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये टिपतो, मग मूळ फाइलीत करतो. मध्येच वीज गेली तर त्या लॉगवरून हिशेब पुन्हा जुळवतो. हा लॉग म्हणजे मघाचा एरर लॉग नव्हे. बदलांच्या या लॉगवर भरवसा ठेवायचा तर सेक्टर एक तर पूर्ण लिहिला गेला पाहिजे किंवा अजिबात नाही. म्हणून त्याचा नेमका आकार सर्व्हरला ठाऊक लागतो, आणि एसक्यूएल सर्व्हर ५१२ व ४०९६ बाइट हे दोनच आकार मानतो. काही नव्या एनव्हीएमई डिस्क (वेगवान एसएसडी) याहून मोठा आकडा कळवतात. विंडोज १० तो पुढे सांगत नव्हतं, विंडोज ११ सांगतं. ‘एफएसयुटिल’ कमांडने हा आकडा पाहता येतो. तो ४०९६ हून मोठा निघाला, तर मायक्रोसॉफ्टने दिलेली रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातली) नोंद विंडोजला ४०९६ बाइटचा सेक्टर कळवायला लावते. ती करून कॉम्प्युटर रीस्टार्ट करायचा, अर्धवट राहिलेला एसक्यूएल सर्व्हर काढायचा आणि पुन्हा टाकायचा. पुन्हा इन्स्टॉल करणं इथे कामाला येतं, पण या नोंदीनंतरच.