हत्ती, दोरी आणि माझा भाचा

गेल्या महिन्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हत्तीची गोष्ट आली. तुमच्याकडेही कधीतरी आली असेलच. पिल्लू असताना हत्तीला साखळदंडाने बांधतात, ते ओढून ओढून थकतं, नाद सोडतं आणि मोठं झाल्यावर साध्या दोरीलाही हिसका देत नाही. खाली सूर्योदय आणि ‘बेड्या पायात नसतात, मनात असतात’. पाठवणाऱ्या काकांनी नाव कोणाचं घेतलं नव्हतं, पण गोष्ट कोणासाठी आहे ते सगळ्यांना कळलं. माझ्या भाच्यासाठी.

भाचा मेकॅनिकल इंजिनिअर. एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात होता तिथली एक लाइन बंद पडली, त्याला आता 16 महिने झाले. त्याच संध्याकाळी ताईचा फोन आला. ‘‘अरे, त्याला आता बसून राहायची सवयच लागलीय. दहाला उठतो. अर्ज केलास का विचारलं की ‘करतो’ म्हणतो, आणि करत नाही.’’

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. हत्तीची गोष्ट आणि ताईचं ‘सवय लागली’ हे एकाच जुन्या प्रयोगाचं घरगुती भाषांतर आहे. त्या प्रयोगाचा अर्थ आपण चुकीचा लावला होता असं तो करणाऱ्यांनीच पुढे छापून सांगितलं. मात्र फॉरवर्ड पाठवणाऱ्यांपर्यंत ते पोचलेलं नाही.

तो प्रयोग 1967 सालचा. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर या दोन तरुणांनी आठ-आठ कुत्र्यांचे तीन गट केले. पहिल्या गटातल्या कुत्र्याला पट्ट्यांच्या झोळीत अडकवून विजेचे झटके दिले, पण डोक्याजवळची पाटी दाबली की झटका थांबायचा. दुसऱ्या गटातला कुत्रा पहिल्याशी जणू एकाच जुवाला जुंपलेला. पहिल्याला झटका लागेल तेव्हा दुसऱ्यालाही, पहिल्याचा थांबेल तेव्हा दुसऱ्याचाही थांबेल. त्याने मात्र पाटी कितीही दाबली तरी उपयोग शून्य. तिसऱ्या गटाला काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना अशा खोक्यात ठेवलं, जिथे मधला अडसर ओलांडून पलीकडे गेलं की झटक्यातून सुटका. पहिला आणि तिसरा गट पटापट शिकला. जुंपलेल्या आठांपैकी सहा कुत्रे जवळजवळ प्रत्येक वेळी झटके सोसत जागीच राहिले.

या प्रयोगाची खरी करामत त्या जुवात आहे. दोन्ही गटांना वीज तेवढीच, वेळ तेवढाच, त्रास तेवढाच. फरक एकच, आपण काही केल्याने काही होतं की नाही एवढा. (आज असा प्रयोग कोणतीही नीतिसमिती कुत्र्यांवर करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे.) निष्कर्ष निघाला की जुंपलेले कुत्रे ‘आपल्या हातात काही नाही’ हे शिकले. त्याला शिकलेली असहायता म्हणू लागले, आणि प्रेरणादायी व्याख्यानांना कायमचा माल मिळाला.

पण मायर गप्प बसले नाहीत. पुढे कोलोरॅडोत ते मेंदूविज्ञानाकडे वळले आणि तोच प्रयोग उंदरांवर करत राहिले. एका उंदराला चाक फिरवून शेपटीवरचा झटका थांबवता येतो, जुंपलेल्याला येत नाही. हे सगळं चालू असताना डोक्यात काय होतं ते त्यांनी पाहिलं. आता थोडं नेट लावून वाचा, कारण मला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे.

मेंदूच्या देठात, मध्यरेषेवर, डॉर्सल राफे नावाचा पेशींचा एक छोटा पुंजका असतो. त्यातल्या बऱ्याच पेशी सेरोटोनिन हे निरोप पोचवणारं रसायन बनवतात. बराच वेळ त्रास चालू राहिला की या पेशी जोरात पेटतात. त्यांचे धागे भीतीशी संबंधित अमिग्डालाकडे जातात आणि तिथे भीती वाढवतात. दुसरे धागे पळणं, झगडणं, हालचाल सुरू करणं या कामांच्या भागांकडे जातात आणि ती कामं दाबून टाकतात. एकूण परिणाम म्हणजे धास्ती जास्त, हालचाल कमी. सेरोटोनिन हे ‘आनंदाचं रसायन’ आहे असं रीलमध्ये केळं हातात धरून सांगणाऱ्यांना हा पुंजका एकदा दाखवावा असं मला फार वाटतं. रसायन सुखी किंवा दुःखी नसतं. ते कुठे आणि पेशीवरच्या कोणत्या ग्राहीवर (ते पकडणाऱ्या रेणूवर) पडतं यावर सगळं अवलंबून.

गंमत पुढेच आहे. हा पुंजका पेटायला ‘माझ्या हातात काही नाही’ हे शिकावं लागत नाही. तो लांबलेल्या त्रासाने आपोआपच पेटतो. शिकावं लागतं ते उलटं. चाकवाल्या उंदराच्या कपाळामागचा मध्यभाग, मीडियल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, ‘मी फिरवलं आणि थांबलं’ हा संबंध पकडला गेला की जागा होतो. तिथून निघालेला निरोप राफेतल्या गाबा पेशींना उठवतो. गाबा पेशींचं काम शेजारच्याला गप्प करणं. त्या सेरोटोनिनच्या पेशींना गप्प करतात आणि उंदीर हालचाल करायला मोकळा होतो. म्हणजे निष्क्रियता ही मूळची, न शिकवताच येणारी गोष्ट, आणि शिकावा लागतो तो तिच्यावरचा लगाम.

हे नुसतं अनुमान नाही. 2005 साली मायर यांच्या गटाने चाकवाल्या उंदरांचा तो कपाळामागचा भाग औषधाने तात्पुरता बंद केला. उंदीर चाक फिरवत होते, झटका थांबतही होता, तरी नंतर ते जुंपलेल्यांसारखेच गळून बसले. मग उलटही केलं. जुंपलेल्या उंदरांचा तोच भाग औषधाने चेतवला, तर हातात काहीही नसताना ते नंतर चाकवाल्यांसारखे वागले. 2016 साली मायर आणि सेलिग्मन यांनी मिळून लेख लिहिला आणि आपला मूळ सिद्धांत उलटा होता हे सरळ मान्य केलं. जवळजवळ 50 वर्षांनी, स्वतःला प्रसिद्धी मिळवून देणाऱ्या कल्पनेबद्दल! याबद्दल मला त्यांना वाकून नमस्कार करावासा वाटतो.

तेव्हा ताईला मी सांगितलं ते हे, की त्याला बसायची सवय लागलेली नाही. काही केल्याने काही होतं, याचा पुरावा त्याच्या मेंदूला बरेच महिने मिळालेला नाही.

हा पुरावा म्हणजे काय ते लोडशेडिंग अनुभवलेल्या माणसाला पटकन कळेल. बटण दाबलं की दिवा लागण्याची एक शक्यता असते आणि न दाबता लागण्याची दुसरी. दोहोंत जेवढा फरक, तेवढं बटण तुमच्या ताब्यात. लाइट गेलेली असताना फरक शून्य, दाबा नाहीतर दाबू नका. पण फरक शून्याहून थोडा जास्त असला, समजा शंभरात दोन, तर तो ओळखायला बटण फार वेळा दाबून पाहावं लागतं. दहा-वीस वेळांत शून्य आणि दोन टक्के सारखेच दिसतात. नोकरीच्या अर्जांचं दुखणं नेमकं हेच आहे. संबंध असतो, पण इतका पातळ आणि इतका उशिरा दिसणारा, की मेंदूला तो शून्यच वाटतो.

भाच्याने मला त्याची एक्सेल शीट दाखवली. तारीख, कंपनी, पद, उत्तर असे रकाने आणि 212 ओळी. ‘उत्तर’ रकान्यात 31 ठिकाणी ‘नाही’, चार ठिकाणी ‘मुलाखत झाली’, बाकी सगळी घरं कोरी. शीट खाली सरकवत तो म्हणाला, ‘‘मामा, नकाराचं काही वाटत नाही. नकार आला की ओळ लाल करून मोकळा होतो. या पांढऱ्यांचं काय करू?’’

इथे मलाही लगाम हवा. उंदीर तो उंदीर. शेपटीवरचा झटका आणि न आलेला ई-मेल एक नव्हे, आणि भाच्याच्या राफेत काय चाललंय ते मी पाहिलेलं नाही. उंदरांची ही गळालेली अवस्था दोन-तीन दिवसांत ओसरते हेही सांगायला हवं. पण झटके त्यांना एकदाच बसलेले असतात. आपल्याकडे ‘लागलं का कुठे?’ विचारणारा शेजारी रोज जिन्यात भेटतो.

माणसांचं पाहायचं तर मारिएनटालला जावं लागतं. व्हिएन्नाच्या दक्षिणेला असलेलं हे गाव एका कापड कारखान्यावर जगत होतं. महामंदीत कारखाना बंद पडला आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा ही समाजमानसशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे ठाण मांडून केलेली पाहणी 1933 साली छापली. त्यांना वाटलं होतं, हाती एवढा रिकामा वेळ आलाय तर लोक वाचतील. झालं उलटं. वाचनालयाची वर्गणी माफ असूनही पुस्तकं नेणं निम्म्यावर आलं. संशोधक घड्याळ घेऊन रस्त्याकडेला उभे राहिले, तर पुरुष रमतगमत, पुन्हा पुन्हा थांबत चाललेले. बायका मात्र झपाझप, कारण त्यांची नोकरी गेली तरी चूल सुटली नव्हती. दिवसभर काय केलं ते लिहून द्या म्हटल्यावर एकाने लिहिलं, एवढ्यात दुपार होते. याहोडाने पुढे मांडलं की नोकरी पगाराबरोबर न मागता पाच गोष्टी देते: दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, सगळ्यांनी मिळून करायचं काही, समाजात एक ओळख आणि हातांना काम. गिरणगाव ज्यांनी 1982 च्या संपानंतर पाहिलं, त्यांना ही यादी वाचून दाखवायची गरज नाही.

‘‘सगळं मनात असतं’’ म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक. अमेरिकेत 2011-12 मध्ये 100 शहरांतल्या नोकऱ्यांसाठी सुमारे 12,000 काल्पनिक बायोडाटा पाठवले गेले. बेकारीचा काळ किती हे प्रत्येकात चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं होतं. पहिल्या आठ महिन्यांत, गॅप जसा लांबला तसे बोलावणारे फोन कमी होत गेले. जिथे नोकऱ्या मुबलक तिथे ही घसरण जास्त तीव्र, कारण मालक म्हणतो, इथे सगळ्यांना लागते, मग याला का नाही? म्हणजे दोरी खरीच आहे, ती हत्तीच्या मनात नाही.

आमच्या एका काकूंनी दुसरं निदान केलं, साडेसाती. उपाय नीलम, तोही चांगल्या कॅरेटचा. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणजे एका राशीत तो सुमारे अडीच वर्षं असतो. आपली, मागची आणि पुढची रास धरून साडेसात. याचा अर्थ कोणत्याही दिवशी 12 पैकी तीन राशींना साडेसाती चालू असते. कंपन्यांचे जवळजवळ सगळे मालकही कधी ना कधी त्यातून गेलेले असणार. नीलमाच्या पैशात भाच्याचे सहा महिन्यांचे प्रवासखर्च निघाले असते, हे मी काकूंना बोललो नाही. ताईला बोललो.

मग करायचं काय? आरशासमोर ‘मला नोकरी मिळालीच आहे’ म्हणण्याने मेंदूतल्या त्या लगामाच्या सर्किटला काही पोचत नाही, त्याला क्रिया आणि परिणाम लागतो. मिशिगन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकात बेकारांसाठी शिबिरं घ्यायला सुरुवात केली. आठवड्यात पाच सत्रं, प्रत्येक चार तासांचं. त्यात मुलाखतीचा सराव होता, ओळखीपाळखीतून नोकरी कशी शोधायची ते होतं. शिवाय एक वेगळी गोष्ट होती, अपयशाची लस. पुढे काय काय फिसकटेल ते गटाने आधीच सांगायचं आणि तसं झालं तर दुसऱ्या दिवशी काय करायचं ते ठरवून ठेवायचं. या लोकांना नोकऱ्या लवकर लागल्या, आणि नैराश्याचा धोका ज्यांना जास्त होता त्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला. उंदरांतही लस दिसते. आधी चाक फिरवायला मिळालेला उंदीर आठवड्याने जुंपला गेला तरी गळून जात नाही. मात्र झोप-भूक बिघडणं, कशातच रस नसणं हे दोन आठवड्यांहून लांबलं तर शिबिर, लेख, मामा सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं. सरकारची ‘टेलिमानस’ हेल्पलाइन 14416 वर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

हे सगळं मी भाच्याला एका रविवारी दोन तास समजावलं. गाबा पेशींपाशी त्याचे डोळे मिटायला लागले होते. शेवटी म्हणाला, ‘‘ते ठीक आहे मामा. तुमच्या उंदराला चाक होतं. माझं चाक कुठाय?’’

माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. आम्ही शीटकडेच बघत बसलो. मग त्यानेच एक रकाना वाढवला, ‘फोन केला’. नोकरी मागायला नाही, अर्ज पोचला का आणि ती जागा अजून आहे का, एवढंच विचारायला. नोकरी लागणं त्याच्या हातात नाही, पण नंबर लावला की पलीकडून कोणीतरी काहीतरी बोलतं, हे बऱ्यापैकी त्याच्या हातात आहे.

सोमवारी त्याने नऊ कंपन्यांना फोन लावले. सात ठिकाणी उचलला गेला. तिघांनी ‘कळवू’ म्हटलं, एकाने अर्ज पुन्हा मेल करायला सांगितला, एका बाईंनी एचआरच्या माणसाचा थेट नंबर दिला. दोन ठिकाणी कळलं की जागाच रद्द झाली होती, अर्ज करायच्याही आधी. म्हणजे शीटमधली ती दोन कोरी घरं त्याच्याबद्दल कधी काही बोलतच नव्हती. त्याने ती राखाडी केली. रात्री मला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘‘168 राहिल्यात. उद्या दहाच्या आत सुरू करतो, नंतर एचआरवाले मीटिंगमध्ये असतात.’’