रिव्ह्यूची साइट काढताय? तयार पानांची की ब्लॉगची, हे ठरवण्याआधी

नागपुरात होळी झाली की घरोघरी एकच चर्चा: कूलर कोणता घ्यायचा, आणि जुनाच चालवायचा तर गवताच्या ताट्या बदलायच्या की हनीकोंब पॅड लावायचे. याची नेमकी उत्तरे ज्यांच्याकडे आहेत, अशी माणसे आमच्याकडे येतात आणि म्हणतात, "आमची रिव्ह्यूची साइट करून द्या." कुणाला सावजी भोजनालयांवर लिहायचे असते, कुणाला कपाशीच्या फवारणी पंपांवर, कुणाला संत्र्याच्या कलमांच्या रोपवाटिकांवर. विषय अरुंद असला तर आम्हाला आनंदच होतो. नव्या मोबाइलचा रिव्ह्यू करायला देशभर माणसे बसलेली आहेत. बोअरच्या जड पाण्यात कोणते पॅड लवकर पांढरे पडते, हे सांगणारा तुमच्यासारखाच कुणी लागतो.

त्यानंतरचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा चुकीचा येतो: "स्वस्त काय पडेल?" तयार पानांची म्हणजे स्टॅटिक साइट आणि ब्लॉग, दोन्ही प्रकार जवळजवळ फुकटात सुरू करता येतात. निवड करायची ती तुम्ही कसे लिहिता यावरून.

फरक काय

ब्लॉगच्या व्यवस्थेत लॉगिन करायचे, चौकटीत लिहायचे, 'प्रकाशित करा' दाबायचे. वर्डप्रेससारख्या व्यवस्थेत मजकूर डेटाबेसमध्ये, म्हणजे माहितीच्या कोठारात, राहतो आणि वाचक आला की सर्व्हर त्यातून पान जुळवतो, समोर उभे राहिल्यावर तर्री घालून पोह्यांची प्लेट लावून देतात तसे. स्टॅटिक साइटची पाने आधीच तयार करून ठेवलेली असतात. सर्व्हर ती फक्त हातात देतो. पाने तयार करण्याचे काम ह्यूगो किंवा जेकिलसारखे प्रोग्राम करतात, तेही तुम्ही मजकूर बदलाल तेव्हाच.

स्टॅटिक साइटला डेटाबेस नाही, लॉगिनचे पान नाही, त्यामुळे बाहेरून शिरायला जागा फार कमी. स्वतःच्या होस्टिंगवरच्या (भाड्याने घेतलेल्या सर्व्हरच्या जागेवरच्या) वर्डप्रेसला प्लगइन, म्हणजे वरून जोडलेली छोटी सॉफ्टवेअर, अद्ययावत ठेवावेच लागतात. दोन वर्षे कुणी ढुंकून पाहिले नाही तर एक दिवस साइटवर जुगाराच्या जाहिराती दिसू लागतात आणि मग आम्हाला फोन येतो.

कूलरवाला आणि सावजीवाला

समजा, तुमचे कूलरचे चाळीस रिव्ह्यू आहेत. वर्षभर त्यांना हात लावायची गरज नाही. फेब्रुवारीत किमती आणि नवी मॉडेल घालायची, मार्च ते मे वाचकांची झुंबड, पाऊस पडला की शांतता. हे काम स्टॅटिक साइटचेच. टाकीची क्षमता, मोटरचे वॅट, पॅडचा प्रकार, किंमत कोणत्या तारखेची, हे सगळे एका तक्त्याच्या फाइलमध्ये ठेवता येते. फाइलमध्ये एक किंमत बदलली की त्या कूलरचे पान, 'दहा हजारांच्या आतले कूलर' ही यादी आणि तुलनेचा तक्ता, तिन्ही ठिकाणी ती बदलते. ब्लॉगवर हीच दुरुस्ती प्रत्येक पोस्टमध्ये शिरून करावी लागते, आणि एखादी राहतेच. रिव्ह्यूच्या साइटवर शिळी किंमत दिसली की वाचकाचा बाकीच्या मजकुरावरचाही विश्वास उडतो. (वर्डप्रेसमध्येही हे प्लगइन लावून साधते. पण मग त्या प्लगइनला सांभाळा.)

सावजीवाल्याचे उलट. तो रविवारी रात्री जेवून येतो, मोबाइलवर चार फोटो टाकतो, गाडीवर बसल्या बसल्या दोनशे शब्द लिहितो. खाली लगेच भांडण सुरू होते: रस्सा आता पूर्वीसारखा राहिला नाही, महालातले जास्त तिखट की गोळीबार चौकातले. त्याच्या साइटचा अर्धा जीव प्रतिक्रियांमध्ये आहे. त्याला आम्ही स्टॅटिक साइट देत नाही. प्रतिक्रियांसाठी तिथे बाहेरची सेवा जोडावी लागते, आणि फोनवरून मजकूर चढवायचा म्हणजे दरवेळी आडवळणाने जाणे. महिनाभरात तो लिहिणेच सोडून देईल.

मराठीत लिहिणाऱ्यांची खास अडचण

ही गोष्ट इंग्रजी मार्गदर्शकांत सापडणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ब्लॉगर या गुगलच्या ब्लॉग-सेवेवर तुम्ही शीर्षक फक्त देवनागरीत दिले, तर पोस्टच्या पत्त्यात त्याचा मागमूस राहत नाही. 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे काहीतरी आकडा, असा पत्ता तयार होतो. शंभर पोस्ट झाल्या की कोणता पत्ता कशाचा, हे तुम्हालाही कळत नाही. प्रकाशित करण्याआधी उजवीकडच्या 'पर्मालिंक'मध्ये जाऊन रोमन अक्षरांत छोटा पत्ता स्वतः लिहा.

वर्डप्रेस देवनागरी पत्ता स्वीकारतो, पण तिथे दुसरीच भानगड. देवनागरीतले प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, वेलांटी आणि हलंत पत्त्यात उतरताना टक्क्याची चिन्हे आणि आकडे धरून ९ चिन्हे खातात. वर्डप्रेसने यासाठी ठेवलेली जागा २०० चिन्हांची. म्हणजे काना-मात्रा धरून साधारण २२ घटक मावतात, पुढचे शीर्षक कापले जाते. शिवाय तो दुवा व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांची लांबलचक माळ दिसते आणि समोरचा फसवणुकीचा संदेश समजून दाबतच नाही. इथेही रोमन पत्ता बरा. स्टॅटिक साइटवर पत्ता म्हणजे फाइलचे नाव, तुम्ही द्याल तेच.

फोटो आणि वेग

मुख्य मजकूर २.५ सेकंदांच्या आत दिसावा, असे गुगलचे माप आहे. स्टॅटिक साइटला ते जड नाही, पण फोनमधला चार एमबीचा फोटो तसाच चढवला तर तीही अडखळते. ब्लॉगर आणि वर्डप्रेस फोटोंचे लहान आकार आपोआप करून घेतात. ह्यूगोला ते सांगून ठेवावे लागते. आम्ही केलेल्या साइटमध्ये ते सांगितलेले असते.

खर्च

स्टॅटिक साइट ठेवायला क्लाउडफ्लेअर पेजेस ही सेवा आहे. तिच्या मोफत योजनेत महिन्याला ५०० वेळा साइट नव्याने तयार करता येते. कूलरवाल्याला तेवढे वर्षभरही लागणार नाही. गिटहब पेजेसही मोफत आहे, पण साइट १ जीबीच्या आत हवी आणि तिथून ऑनलाइन व्यापार चालवायला त्यांची परवानगी नाही. ब्लॉगर पूर्ण मोफत. वर्डप्रेस या नावाखाली दोन वस्तू आहेत: एक सॉफ्टवेअर, जे तुम्ही स्वतःच्या होस्टिंगवर बसवता, आणि दुसरी तयार सेवा, जिच्या मोफत योजनेत तुमच्या मजकुराशेजारी जाहिराती त्यांच्या लागतात. होस्टिंग घेताना पहिल्या वर्षाचा दर पाहून हुरळू नका, नूतनीकरणाचा दर विचारा.

पैसे खर्चायचेच तर पहिल्या दिवशी स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे साइटच्या स्वतःच्या नावावर, खर्चा. ब्लॉगरवरही स्वतःचे डोमेन जोडता येते. उद्या ब्लॉगरवरून स्टॅटिकवर यायचे ठरले, तर जुने पत्ते तसेच ठेवून सामान हलवता येते आणि वाचकाला पत्ताही लागत नाही. सेवेच्या नावाखाली मिळणाऱ्या फुकटच्या उपपत्त्यावर तीन वर्षे लिहिले, तर गुगलमध्ये कमावलेली जागा बहुतेक मागेच राहते. आणि डोमेन तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर घ्या. साइट बनवणाऱ्याने ते स्वतःच्या नावावर घेऊन ठेवल्याने अडकलेले लोक आमच्याकडे येतात. बाप्पा, ते सोडवणे फार किचकट. आम्ही कोणाचेही डोमेन आमच्या नावावर घेत नाही, आग्रह केला तरी.

फुकट मिळालेला कूलर

दुकानदाराने वस्तू फुकट दिली, जेवणाचे बिल घेतले नाही, किंवा दुव्यावरून खरेदी झाली की तुम्हाला कमिशन मिळते, तर ते वाचकाला सांगावे लागते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जून २०२२ मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचना असे हितसंबंध उघड करायला सांगतात. रिव्ह्यू मराठीत असेल तर कबुलीही मराठीत, आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत नको. स्टॅटिक साइटमध्ये आम्ही प्रत्येक रिव्ह्यूच्या फाइलमध्ये 'वस्तू कशी मिळाली' असा रकाना ठेवतो. तो रिकामा असेल तर पान तयारच होत नाही. ब्लॉगवर हे तुमचे तुम्हाला लक्षात ठेवावे लागेल.

आमच्याकडे येताना

ठरत नसेल तर आधी ब्लॉगर आणि स्वतःचे डोमेन, असे आम्ही सांगतो, यात आमचा धंदा बुडतो हे माहीत असूनही. दहा-पंधरा रिव्ह्यू लिहून झाले की तुम्ही कूलरवाले की सावजीवाले, ते आपोआप दिसते. येताना तीन पूर्ण लिहिलेले रिव्ह्यू आणा, वहीत असले तरी चालतील, आणि तुम्ही स्वतः काढलेले फोटो. डोमेनची दोन-तीन नावे सुचवून ठेवा. मांडणी आणि रंगांचे नंतर बघू.