दारू सोडवणारी गोळी नेमकं करते काय?

‘दारू सुटायची गोळी द्या’ म्हटल्यावर डॉक्टर आधी विचारतात, शेवटचं कधी घेतली होती? पुढचं बरंच काही या उत्तरावर ठरतं. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं, तर 6 ते 24 तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांदरम्यान काहींना भास होतात, वेळ-ठिकाणाचं भान सुटतं. ही अवस्था जिवावर बेतू शकते. म्हणून आधी कधी फिट येऊन गेलेल्याने किंवा भास होऊन गेलेल्याने घरच्या घरी दारू तोडू नये. या दिवसांत क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम ही मेंदू शांत करणारी औषधं देतात (यकृत फार बिघडलं असेल तर लोराझेपाम) आणि डोस उतरवत साधारण आठवड्याभरात थांबवतात. सोबत थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व. सलाइनमधून ग्लुकोज देण्याआधीच ते दिलेलं बरं, कारण ग्लुकोज वापरताना शरीरातलं उरलंसुरलं थायमिन खर्ची पडतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

इथवर झाली ती फक्त सुटका. पुन्हा पिऊ नये यासाठीची औषधं वेगळी.

सगळ्यांत जुनं डायसल्फिराम. यकृत दारूचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी रसायन करतं आणि मग दुसऱ्या एन्झाइमच्या मदतीने ते निरुपद्रवी करून टाकतं. डायसल्फिराम हे दुसरं एन्झाइमच निकामी करतं. गोळी सुरू असताना प्यायलं की अ‍ॅसिटाल्डिहाइड साचतं: चेहरा लालबुंद, डोकं ठणकतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. नेहमीचा डोस दिवसाला 250 मिलिग्रॅम. शेवटच्या पेगनंतर किमान 12 तास, शक्यतो 24 तास गेल्यावरच सुरुवात. गोळी बंद केली तरी शरीर नवं एन्झाइम तयार करेपर्यंत, म्हणजे सुमारे दोन आठवडे, धोका राहतो. अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध किंवा माउथवॉशही चालत नाही. मेट्रोनिडॅझोल या जंतुसंसर्गावरच्या औषधासोबत घेतलं तर भ्रमिष्टपणा येऊ शकतो.

या औषधाने तलफ कमी होत नाही. काम करते ती भीती. म्हणूनच जेवणात लपवून गोळी देणं फसवणूक तर आहेच, शिवाय मुळातच निरर्थक आहे: ज्याला गोळीचा पत्ता नाही, तो घाबरून ग्लास बाजूला ठेवणार कसा? तो पिणार, आणि हृदय कमकुवत असेल तर प्राणाशी गाठ. उलट त्याच्या संमतीने, रोज कुणाच्या तरी समोर घेतली, तर हीच गोळी बरीच उपयोगी पडते. यकृताची तपासणी आधी आणि नंतरही हवी, कारण क्वचित तिने तीव्र कावीळ होते.

नाल्ट्रेक्झोनचा रस्ता निराळा. दारूने मेंदूत एंडॉर्फिन ही सुखाची रसायनं स्रवतात, ती जिथे चिकटतात त्या जागांवर (रिसेप्टरवर) हे औषध आधीच जाऊन बसतं. पिण्यातली मजा फिकी पडते, एकावर दुसरा घ्यावासा वाटणं कमी होतं. रोज 50 मिलिग्रॅम, किंवा महिन्यातून एकदा 380 मिलिग्रॅमचं इंजेक्शन. चाचण्यांचा एकत्रित हिशेब असा, की साधारण डझनभर लोकांनी घेतलं तर त्यातला एक जण, जो एरवी पुन्हा भरमसाट प्यायला लागला असता, तो त्यातून वाचतो. जुनाट आजारासाठी हा आकडा वाईट नाही. एक मोठी अडचण: ट्रॅमाडॉल, कोडीन, मॉर्फिन अशी अफूच्या जातीची औषधं घेणाऱ्याने 7 ते 10 दिवस ती पूर्ण थांबवल्याशिवाय सुरू करू नये, नाहीतर ती औषधं एकदम तुटल्याचा त्रास अचानक उसळतो. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञाला आधीच सांगावं.

अ‍ॅकॅम्प्रोसेट दारू थांबल्यावरची मेंदूची अस्वस्थता शांत करतं. 333 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा. सहा गोळ्यांचा हा कंटाळाच बहुतेकांना नडतो. यकृतावर भार नाही, पण ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) पाहूनच डोस ठरतो. सुरुवातीला जुलाब होतात.

सिरॉसिस (यकृत कडक होऊन निकामी होत जाणं) असेल तर काही डॉक्टर बॅक्लोफेन देतात. ते मात्र एका दिवसात बंद करायचं नाही, फिट येऊ शकते.

उपचार सहा महिने ते वर्षभर, समुपदेशनासह. मध्येच एखाद दिवशी प्यायलं गेलं, तर नाल्ट्रेक्झोन आणि अ‍ॅकॅम्प्रोसेट सुरूच ठेवायचं. डायसल्फिराम लगेच थांबवून डॉक्टरांकडे जायचं.