जुना पीएच ५ टांगता दिवा : घरी लावण्याआधी एवढं वाचा

आमच्या दुकानातून हा दिवा नेणाऱ्या बऱ्याच जणांचा आठवड्याभरात फोन येतो. तक्रार ठरलेली. “दिवा सुंदर आहे हो, पण उजेड कमी पडतो.” बहुतेक वेळा दिवा फार उंच टांगलेला असतो, नाहीतर बल्ब चुकीचा असतो. म्हणून हे पत्रक.

दिवा डेन्मार्कचा. तो घडवणारे पोल हेनिंगसेन (१८९४–१९६७) रॉकेलच्या दिव्यांच्या मऊ उजेडात वाढले. विजेचा उघडा बल्ब त्यांच्या डोळ्यांना खुपे. १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या दिव्यांना सुवर्णपदक मिळालं, आणि पुढच्याच वर्षी तीन शेडचा दिवा आला. या दिव्यांची निर्मिती कोपनहेगनच्या लुई पोल्सेन कंपनीची, आजही तीच करते. युक्ती सगळी शेडच्या बाकात होती. तो शंखासारखा, गणितातल्या लॉगरिदमिक सर्पिलाचा, आणि बल्ब त्या सर्पिलाच्या केंद्राशी. त्यामुळे प्रकाशकिरण शेडवर कुठेही पडला तरी एकाच कोनात पडतो. उजेड सगळीकडे सारखा पसरतो, बल्ब मात्र आडच राहतो.

यात एक अडचण होती: बल्ब नेमक्या जागीच हवा. आणि बल्ब बनवणारे तर त्याचा आकार सतत बदलत राहिले. शेवटी हेनिंगसेननी हात टेकले आणि १९५८ मध्ये कुठल्याही आकाराचा बल्ब चालेल असा दिवा काढला. तोच हा पीएच ५. पीएच म्हणजे पोल हेनिंगसेन; मोठ्या शेडचा व्यास ५० सेंमी, म्हणून ५.

आत डोकावलात तर लाल आणि निळा रंग दिसेल. एका ग्राहकाला वाटलं, आधीच्या मालकाने रंगवलंय. “पांढरं करून द्या” म्हणाले. तसं करू नका! आपल्या डोळ्यांना पिवळा-हिरवा उजेड जास्त जाणवतो, लाल आणि निळा कमी. ती बाजू भरून काढायला हे रंग मुद्दाम दिलेत. पांढरा भागही चकचकीत ऑइलपेंटने रंगवू नका. तिथला रंग मॅट आहे तो उजेड विखुरण्यासाठी. चकचकीत झाला की त्यात बल्बच चमकताना दिसेल. जुन्या दिव्यावर दोन-चार पोचे, ओरखडे असणारच. आम्ही ते मुद्दाम तसेच ठेवतो.

टांगताना: खोलीच्या मधोमध, छताला लागून नको. जेवणाच्या टेबलावर, खालची कड टेबलापासून साधारण ६० सेंमी, म्हणजे दोन फुटांवर ठेवा. समोरच्याचा चेहरा दिसतो, ताट उजळतं, आणि बल्ब कुणाच्याच डोळ्यांत जात नाही. इतक्या खाली टांगायला सुरुवातीला धीर होत नाही, पण आमचं ऐका. टेबलाच्या बरोबर वर पंखा असेल तर मात्र आधी बोला. पंख्याखाली दिवा झुलत राहतो. अशा घरी आम्ही दिव्याची जागा तरी बदलायला सांगतो, नाहीतर दिवा विकतच नाही.

बल्ब आट्यांचा लागतो, आपल्याकडचा पिनांचा बसत नाही. अर्धं अंग प्लास्टिकचं असलेला एलईडी बल्ब घेऊ नका; त्याचा उजेड एकाच बाजूला पडतो आणि काही शेड काळोखातच राहतात. चहूबाजूंनी उजळणारा, दुधी काचेचा, २७०० केल्विनचा पिवळसर एलईडी घ्या.

जुनी वायर कडक होऊन तडकते, म्हणून प्रत्येक दिव्याला आम्ही नवी वायर आणि नवा होल्डर घालूनच देतो. शेड धातूच्या आहेत, त्यामुळे अर्थिंग जोडलंच पाहिजे. छतातल्या पॉइंटला अर्थिंगची वायर नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून आधी ओढून घ्या. धूळ पुसायची तर मेन स्विच बंद करा, दिवा गार होऊ द्या, आणि मऊ ओलसर फडकं वापरा. भांडी घासायची पावडर किंवा तारेची घासणी लावलीत तर गेलेला रंग आम्हालाही परत आणता येणार नाही.