शुगरची गोळी घेता आणि खोकला जात नाही? हा कागद आधी वाचा

आमच्या बेळगावातल्या औषधाच्या दुकानातून दर महिन्याला शुगरची औषधं नेणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी हा कागद छापला आहे. औषधाच्या पिशवीत घातलाय, रद्दीत टाकू नका. घरात ज्याला वाचता येतं त्यानं मोठ्यानं वाचून दाखवावा.

छापायचं कारण आमच्या काउंटरवरच घडलं. वडगावकडचे एक विणकर, वय पन्नाशीच्या पुढं, कित्येक वर्षं आमच्याकडूनच शुगरच्या गोळ्या नेतात. पावसाळ्यात त्यांनी गोळ्यांबरोबर खोकल्याची बाटली मागितली. आम्ही दिली. पंधरा दिवसांनी दुसरी मागितली, तीही दिली. तिसऱ्या खेपेला आले ते पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं नवीन भोक दाखवत. म्हणाले, "वजन उतरलंय बघा, शुगर ताळ्यावर आली." बोट टोचून बघितलं तर मशीनवर 340 च्या वर आकडा. त्याच आठवड्यात बेडका तपासला आणि क्षयाचे जंतू निघाले. आता ते बरे आहेत, मागावर बसतात. पण पहिल्या बाटलीलाच आम्ही "किती दिवस झाले खोकला?" असं विचारायला हवं होतं. आता प्रत्येकाला विचारतो. राग मानू नका.

शुगर आणि क्षय यांचं नातं जुनं आहे. इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन माणसाला 1922 साली दिलं गेलं. त्याआधी शुगरच्या रोग्यांचा जीव बऱ्याचदा क्षयच घ्यायचा. क्षयाचा जंतू हवेतून येतो आणि पुष्कळांच्या अंगात शिरून गप्प पडून राहतो. जगातल्या साधारण चौथ्या हिश्शाच्या माणसांत तो असावा, असा अंदाज आहे. त्यातल्या शंभरांत पाच-दहा जणांनाच तो आयुष्यात कधीतरी आजारी पाडतो. बाकीच्यांच्या पांढऱ्या पेशी त्याला दाबून ठेवतात. रक्तात साखर सतत चढलेली असली की या पेशी मंदावतात, जंतूला वेळेत घेरत नाहीत, आणि झोपलेला जंतू जागा होतो. म्हणून शुगर असलेल्या माणसाला क्षय होण्याचा धोका इतरांच्या दुप्पट-तिप्पट असतो. साखर जितकी बेताल, तितका धोका जास्त. त्यात विडी-सिगारेट असेल किंवा उद्यमबागेतल्या फौंड्रीत वाळूच्या धुळीत काम असेल, तर आणखी सांभाळायला हवं, कारण ती धूळ फुप्फुस आतून खरवडते आणि जंतूला वाट करून देते.

दोन्ही आजारांच्या खुणा एकमेकांत मिसळतात, फसगत तिथंच होते. वजन उतरणं आणि थकवा दोन्हींत असतो. पण दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी अंगात कणकण, रात्री घामानं ओली होणारी उशी, बेडक्यात रक्त, यातलं एकही दिसलं तर शुगरवर ढकलू नका. शुगरवाल्यांच्या एक्स-रेमध्ये डाग कधीकधी फुप्फुसाच्या खालच्या भागात दिसतो आणि न्यूमोनिया समजून औषध दिलं जातं. म्हणून फोटोवर थांबू नका, बेडका तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. कन्नड कागदावर 'कफ परीक्षे' लिहिलेलं असतं ती हीच, आणि 'सक्करे कायिले' म्हणजे आपली शुगर. डबीत थुंकी नको, छातीतून आलेला घट्ट बेडका हवा. सकाळी उठल्यावर पाण्यानं चूळ भरा, उघड्या जागेत जा, दोन-तीनदा खोल श्वास घेऊन खोका. अर्धे नमुने नुसत्या लाळेचे असतात म्हणून वाया जातात, हे आम्ही लॅबवाल्यांकडून पुन्हा पुन्हा ऐकतो.

याच्या उलटही खरं आहे. क्षय निघाला तर शुगर तपासून घ्याच, आधी कधी नसली तरी. अंगात जंतूचा ताप असताना साखर तात्पुरतीही चढते, म्हणून उपचार चालू असताना ती पुन्हा तपासावी लागते.

आता औषधांबद्दल. हे आमचं रोजचं काम, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. क्षयाचं औषध साधारण सहा महिने रोज घ्यायचं असतं: पहिले दोन महिने चार औषधं एकत्र, पुढचे चार महिने तीन. काहींना डॉक्टर मुदत वाढवतात. यातल्या रिफाम्पिसिननं लघवी केशरी होते. घाबरून गोळी बंद करू नका, ते रक्त नव्हे. पण हेच रिफाम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं की ग्लिमेपिराइडसारख्या शुगरच्या गोळ्या अंगातून लवकर निघून जातात आणि नेहमीच्या गोळीवर साखर आटोक्यात राहत नाही. त्यासाठी डॉक्टर डोस बदलतात किंवा इन्सुलिन लावतात. इन्सुलिन लावलं म्हणजे संपलं, असं मुळीच नाही. बऱ्याचदा ते तेवढ्या काळापुरतंच असतं. कोर्स संपल्यावर मात्र गाडी उलटी फिरते: वाढवलेला डोस तसाच राहिला तर साखर एकदम खाली जाऊन घाम, थरथर, गरगर सुरू होते. म्हणून कोर्स संपताना शुगरच्या डॉक्टरांना भेटणं चुकवू नका.

क्षयाच्या चार औषधांतल्याच आयसोनियाझिडनं हातापायांना मुंग्या येऊ शकतात. शुगरनंही येतात. त्यासाठी बी-6 ची छोटी गोळी लिहिलेली असते, ती 'नुसतं व्हिटॅमिन' म्हणून वगळू नका. त्यातलंच इथँब्युटॉल घेताना रंग फिके दिसू लागले किंवा नजर अंधुक झाली तर लगेच डॉक्टरांना सांगा.

आणि एक विनंती. "तो पाच गोळ्यांचा कोर्स द्या" म्हणून लिव्होफ्लोक्सासिन हे अँटिबायोटिक मागू नका. ते क्षयाच्या जंतूवरही चालतं, पण अर्धवट: चार दिवस बरं वाटतं, तपासणीत जंतू लपतो आणि औषधाला सरावतो. हे आणि क्षयाची औषधं सरकारच्या एच-वन यादीत (डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायची औषधं) आहेत, चिठ्ठीशिवाय आम्ही देणार नाही, ओळख असली तरी. खोकल्यावर स्टेरॉइडच्या गोळ्याही स्वतःहून घेऊ नका, त्यांनी साखर चढते.

जेवणावरून घराघरात भांडणं होतात. क्षयाला 'चांगलंचुंगलं खाऊ घाला' म्हणतात, शुगरला 'तोंड आवरा'. दोन्ही जमतं. ज्वारीची भाकरी, गावठी मसूर, चवळी, अंडी, मासे, दही, शेंगाचटणी यांनी अंग भरतं. कुंदा आणि शिऱ्यानं साखर वाढते, अंग भरत नाही. उपास तर या सहा महिन्यांत नकोच. क्षयाचा उपचार चालू असेपर्यंत सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून महिन्याला 1,000 रुपये थेट बँक खात्यात जमा होतात. नोव्हेंबर 2024 च्या आधी ते 500 होते. पैसे आले नाहीत तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात विचारा.

खानापूरकडची बरीच पोरं गोव्यात कामाला आहेत, चंदगडची माणसं तपासायला बेळगावात येतात. उपचार एका राज्यात सुरू झाला आणि राहणं दुसऱ्या राज्यात, म्हणून औषध तोडू नका. निक्षय आयडी, म्हणजे क्षयाच्या रोग्याचा सरकारी नोंदणी नंबर, देशभर चालतो, त्यावरून नाव दुसऱ्या केंद्रात बदलून मिळतं. निघायच्या आठवडाभर आधी सांगा.

ज्यांच्या घरात क्षय निघालाय त्यांनी तोंड लपवू नये. आमच्या आजोबांच्या वेळी रोग्याला मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या क्षयाच्या दवाखान्यात ठेवायचे आणि घरात त्याचं नावही काढायचे नाहीत. आता औषध घरीच राहून घेता येतं. नेमानं घेतलं तर काही आठवड्यांत दुसऱ्याला लागण होण्याचा धोका खूप उतरतो. तोवर खोकताना तोंडावर रुमाल आणि खिडक्या उघड्या, एवढं पाळा. भांडी वेगळी काढायची गरज नाही.

पुढच्या खेपेला येताना चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या पिशवीत घालून आणा, आयुर्वेदिकसुद्धा. दवाखान्याचा कागद कन्नडमध्ये असेल आणि लागत नसेल तर तोही आणा, काउंटरवर वाचून सांगतो.